अप्पांच्या मेनूतलं बुद्धिबळ

विनिताच्या लॅबचा एक नियम होता. तो कुठं लिहून लावलेला नव्हता. मुलांना एखादी गोष्ट द्यायची नसली तर 'बंद केलीय' असं म्हणायचं नाही, 'नाहीच' म्हणायचं. बंद केलीय म्हटलं की पोरं ती उघडायच्या मागे लागतात, दुपारभर खुडबुड करत बसतात. नाहीच म्हटलं की जरा कुरकुरतात आणि आपापल्या कामाला लागतात. हा नियम तिला कुणा साहेबानं शिकवला नव्हता, पोरांनीच शिकवला.

कॉलेज विरारचं आणि गोष्ट दोन हजार सात सालातली. लॅबमधल्या सगळ्या मशीनवर लिनक्स होतं, कारण ते फुकट होतं आणि ट्रस्टी मंडळींना फुकट या शब्दाचं भारी प्रेम. त्याच मशीनवर सकाळी बी.कॉम.ची पोरं बसायची, दुपारी बारावीची, संध्याकाळी टायपिंग शिकणाऱ्या बायका. इतक्या हातांतून फिरणाऱ्या यंत्रात खेळ उघडे ठेवले की अभ्यासाचं वाटोळंच. ते काढून टाकावेत म्हटलं तर एक काढताना त्याच्या शेपटाला धरून आणखी चार निघून यायचे आणि भलत्याच कुणाचं काम अडायचं. म्हणून विनिता ते लपवायची. प्रत्येक प्रोग्रॅमची एक छोटीशी फाईल असते. तिच्यात 'हे दाखवू नकोस' अशा अर्थाची एक ओळ घातली की मेनूतून नाव जातं. प्रोग्रॅम जागच्या जागी शाबूत राहतो, फक्त मेनू उघडणाऱ्याला तो दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

कामात बाई हुशार होती, यात वाद नाही. पण कामावरचं शहाणपण माणसानं चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवावं. विनिता ते घालूनच घरात आली.

घर विरारजवळच्या नंदाखालला. पुढे ओटी, मागे केळीची वाडी, वाडीत विहीर आणि विहिरीवर पंप. विनिता माहेरची कराडकडची. सासरे रामचंद्र, त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. मुंबईच्या एका कंपनीत नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. हात असा की पट्टी न लावता काढलेली रेघही सरळ यायची. गावात ते वाडवळीत, तिकडच्या बोलीत, बोलायचे, पण सुनेशी शाळेतल्यासारखी मराठी. ती देशावरची, तिला आपल्या घरात परकं वाटू नये, म्हणून. लग्नाला आठ वर्षं होऊन तिला वाडवळी सगळी कळायला लागली, तरी त्यांनी आपला नेम सोडला नाही. नवरा जितेंद्र मस्कतला होता. त्याचा दर शुक्रवारी फोन यायचा.

सासूबाई, सरोजिनी, आदल्या वर्षी गेल्या. दोन वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं विनितानं केलं. त्या गेल्या तेव्हा आळी रडली, मस्कतहून आलेला मुलगा धाय मोकलून रडला, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. बायका कुजबुजल्या. कुजबुजेनात का! रडायलासुद्धा माणसात काही शिल्लक लागतं. त्या दिवसापासून विनिताला काही वाटेनासंच झालं. भूक लागायची नाही, पण वेळेवर जेवायची. राग यायचा नाही, हसू यायचं नाही. दिवाळी आली आणि गेली, हिनं कंदील लावला आणि काढला. 'कशी आहेस?' म्हणून कुणी विचारलं तर 'बरी आहे' म्हणायची, आणि आपण खोटं बोलतोय असंही तिला वाटायचं नाही.

संगणक जितेंद्रनं घेऊन दिला होता, आईच्या मागं बापाला विरंगुळा म्हणून. विनितानं त्यावर लिनक्स घातलं आणि मेनू मराठीत करून दिला. अप्पांचं खातं वेगळं, तिचं वेगळं, जितेंद्र सुट्टीवर आला की त्याचं वेगळं. अप्पा सत्तरी ओलांडलेले, पण गडी असा रमला की विचारू नका. आराखडे काढायचा एक प्रोग्रॅम त्यांना सापडला, तर त्यात त्यांनी आपल्या वाडीचा नकाशा काढला, विहिरीपासून कुंपणापर्यंत झाडन् झाड. आणि मग सापडलं बुद्धिबळ.

बुद्धिबळाचं त्यांना जुनं वेड. शेजारचा ऑगस्टीन त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. रविवारची चर्चमधली मिस्सा आटपली की तो घरी न जाता पट काखोटीला मारून थेट अप्पांच्या ओटीवर यायचा. तो कधी घरात शिरायचा नाही, संगणकाकडे ढुंकूनही बघायचा नाही. "मला त्या डबड्याचं काय करायचंय," म्हणायचा. पण अप्पा आतल्या खोलीत आठवडाभर सराव करून त्याला हरवायला लागले, तेव्हा चिडला. "रामा, तू यंत्राला गुरू केलंस. हा निव्वळ चोरटेपणा झाला!" अप्पांना हे ऐकायला फार आवडायचं.

विसरायचे मात्र. गोळी घेतली का, किल्ली कुठं ठेवली, दूधवाल्याला काय सांगितलं. वय झालं की एवढं चालायचंच. पण एकदा त्यांनी जितेंद्रला ईमेल पाठवली की पंप बिघडलाय. पंप दुरुस्त झाला, तरी दुसऱ्या दिवशी तीच ईमेल, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच. शुक्रवारची वाट न बघता जितेंद्रचा फोन आला. "विनिता, तिथं चाललंय काय? माझा जीव टांगणीला लागतो इथं. तू काहीतरी कर बाई."

तिनं केलं. अप्पांच्या खात्यात जाऊन मेनूची यादी उघडली आणि 'टपाल' म्हणजे ईमेलच्या प्रोग्रॅमपुढच्या चौकोनातली खूण काढली. खूण गेली की मेनूतून नाव गेलं. अप्पांनी विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं, की अप्पा, ते मी बंद केलंय. झालं! अप्पा हात धुऊन मागं लागले. "मग सुरू कर ना." सकाळी चहाला तेच, रात्री जेवताना तेच. "मी काय लहान पोर आहे का, विनिता?" शेवटी जितेंद्रनंच फोनवर समजूत घातली तेव्हा ते प्रकरण मिटलं. चूक आपलीच झाली, हे विनिताच्या लक्षात आलं. लॅबचा नियम आपण पाळला नाही.

मग उन्हाळ्यात मोटर जळाली. वीज होती तोवर वाडी भिजवून घ्यावी म्हणून अप्पांनी पंप लावला, आणि तेवढ्यात एक डाव टाकू म्हणून आत जाऊन बसले. विहिरीनं तळ गाठला, पंप कोरडा फिरत राहिला. विनिता संध्याकाळी कामावरून आली तर मागं जळका वास आणि अप्पा पडद्यासमोर. आठवडाभर केळीला पाणी नाही, पानं माना टाकून उभी. जितेंद्र फोनवर तिलाच बोलला, जणू मोटर हिनंच काडी लावून पेटवली. ती "हो" म्हणाली. फोन ठेवला, आत गेली आणि बुद्धिबळापुढची खूण काढून आली. चीड आली म्हणून नव्हे हो. चीड आली असती तर बरं झालं असतं, चार शब्द बोलून मोकळी तरी झाली असती.

दुसऱ्या दिवशी ती भाजी चिरत होती. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"विनिता, त्यात बुद्धिबळ होतं ना गं?"

"नाही अप्पा. नव्हतंच."

"अगं, मी रोज खेळतो."

"ते तुम्ही ऑगस्टीनकाकांशी खेळता, पटावर. ह्याच्यात कधीच नव्हतं."

तिनं मान वर करूनही बघितलं नाही. अप्पा आत गेले. मेनू उघडल्याची, बंद केल्याची, पुन्हा उघडल्याची माऊसची टिकटिक ऐकू आली. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. नियम किती चोख चालतो बघा! विनिताला त्या रात्री चांगली झोप लागली.

आणि एकदा सोपी वाट सापडली की माणूस दुसऱ्या वाटेनं कशाला जाईल? नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये अप्पा अडकायचे, मग लॅबमध्ये फोन करायचे, भर तासाला. तिनं तोही लपवला. "वाडीचा नकाशा? तो तुम्ही कागदावर काढला होतात ना अप्पा, नोकरीत असताना." फोटो बघायचा प्रोग्रॅम लपवला, कारण त्यात फोटो उलटे व्हायचे आणि अप्पांचा जीव कासावीस व्हायचा. दर वेळी अप्पा विचारायचे आणि दर वेळी ती 'नव्हतंच' म्हणायची. होता होता मेनूत घड्याळ, गणकयंत्र आणि मजकूर लिहायचं एक पान एवढंच उरलं. अप्पा त्या पानावर रोजची तारीख लिहायचे आणि संगणक बंद करायचे.

एक दिवस त्यांनी आपण होऊन सांगितलं, "मला जरा डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन चल."

वसईतले डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी तारीख विचारली, पंतप्रधान विचारले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. अप्पांनी सगळं धडाधड सांगितलं. डॉक्टर हसले. "काका, तुमचं डोकं तर माझ्यापेक्षा चांगलं चालतंय. थोडं विसरणं या वयात असायचंच."

"विसरण्याचं नाही, डॉक्टर," अप्पा म्हणाले. "मला नसलेलं आठवतं."

"म्हणजे?"

"आमच्या संगणकावर बुद्धिबळ आहे असं मला आठवतं. नुसतं आठवत नाही, डाव दिसतो. माझा हत्ती सातव्या ओळीत आहे, त्याचा राजा कोपऱ्यात कोंडलाय, आणखी दोन चालींत मात आहे. आणि ते बुद्धिबळ तर कधी नव्हतंच. मग हा डाव मी कुठं खेळलो? वाडीचा नकाशा काढलेला आठवतो, एकेक झाड आठवतं. तेही नव्हतं. सुनेला विचारा."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी विनिताकडे बघितलं. "तुम्ही घरात असता. असं काही खरंच नव्हतं?"

अगं बाई, बोल की आता! एवढीशी गोष्ट, 'होतं, मी लपवलं' एवढंच तर म्हणायचं. समोर म्हातारा माणूस दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलाय, निकाल ऐकायला बसल्यासारखा. विनितानं त्यांच्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. आता सांगायचं म्हणजे इतके दिवस खोटं बोलले हेही सांगायचं, मग जितेंद्रला कळणार, मग पुन्हा बोलणी, समजुती, रडारड. हे सगळं करायला लागणारी ताकद तिनं स्वतःत शोधली आणि तिला ती सापडली नाही.

"नव्हतं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी एक नवी गोळी लिहून दिली, संध्याकाळी जेवणाआधी एक. नसलेलं दिसणं हे वेगळं दुखणं आहे, लवकर आणलंत ते बरं केलंत, असंही म्हणाले. अप्पांनी त्यांचे आभार मानले. बाहेर येऊन त्यांनी विनिताचेही आभार मानले.

गोळीनं अप्पा जड झाले. सकाळी उशिरा उठायचे, पाय ओढत चालायचे, बोलताना मध्येच थांबायचे. पण गोळीपेक्षा वाईट दुसरंच काहीतरी झालं. ते प्रत्येक गोष्ट आधी विचारून घ्यायला लागले. "आपल्याकडे कोयता आहे ना?" "विहिरीजवळ जांभूळ होतं ना, का मलाच वाटतंय?" जांभूळ समोर उभं असायचं. विनिता "आहे अप्पा, होतं अप्पा" म्हणायची, भात टाकायची, कामावर जायची. तिला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण ते मनापर्यंत पोचत नव्हतं.

एका रविवारी ऑगस्टीन ओटीवर न बसता सरळ स्वयंपाकघरात आला. इतक्या वर्षांत प्रथमच.

"विनिता, रामानं खेळणं सोडलं गं माझ्याशी. म्हणतो, मला जे डाव आठवतात ते खरे नसतात, मग तुझ्याशी कुठल्या तोंडानं खेळू. मी म्हटलं, अरे, तू यंत्रावर शिकून मला हरवायचास, ते कसं खोटं? तर मलाच विचारतो, तू बघितलंस का डोळ्यांनी? आता मी कुठं बघितलं? हाच सांगायचा आणि मी मानायचो. मग म्हणतो, बघ, तुलाही मीच सांगितलं." त्यानं पट टेबलावर ठेवला. "होतं का गं ते?"

विनितानं भाताचं पातेलं उतरवून ठेवलं. ऑगस्टीननं वाट बघितली, मग पट तिथंच ठेवून निघून गेला.

दुपारी ती अप्पांना ताट वाढत होती. अप्पांनी लोणच्याची फोड बाजूला केली आणि मग अगदी हळू, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात विचारलं,

"विनिता, सरोजिनी मोठ्यानं हसायची ना गं? की तेही मलाच वाटतं?"

वाढताना विनिताचा हात थांबला. सासूबाईंचं हसणं! आजारपणाच्या आधी त्या हसायला लागल्या की वाडीच्या टोकाला ऐकू जायचं, ऑगस्टीनची बायको तिकडून ओरडून विचारायची, काय झालं म्हणून. विनिताला ते ऐकू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी ऐकू आलं, आणि छातीत असं दुखलं की तिनं पळी खाली ठेवली. आपण या माणसाची बायको त्याच्या डोक्यातून पुसायला निघालोय, हे तिला तिथं, वाढता वाढता, लख्ख कळलं.

"हसायच्या, अप्पा. खूप हसायच्या. तुम्ही जेवा आणि मग माझ्याबरोबर चला."

जेवण होताच तिनं त्यांना संगणकासमोर बसवलं. स्वतः शेजारी स्टूल घेतलं. "अप्पा, मी खोटं बोलले तुमच्याशी. बुद्धिबळ होतं. नकाशाही होता. मी लपवले होते. नीट बघा, मी कशी परत आणते ते." तिनं मेनूची यादी उघडली. एकेका नावापुढं खूण करत गेली. फोटो आले. नकाशा आला. टपाल आलं. खेळांच्या रकान्यात बुद्धिबळ आलं. "बघा! हे असं काढलं की जातं, असं घातलं की येतं. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, अप्पा. काही म्हणजे काही झालेलं नाही."

अप्पा बघत होते. मग त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"आत्ता घातलंस का हे? माझ्यासाठी?"

"नाही हो! होतंच हे."

"बरं, बरं."

"अप्पा, 'बरं बरं' करू नका! मी डॉक्टरसमोर खोटं बोलले. शपथ घेऊन सांगते."

"किती करशील गं माझं," अप्पा म्हणाले. "तिचं केलंस, आता माझं. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःवर आळ घेतेस."

माणूस शिव्या देता तर ती ऐकून घेती. विनितानं मग शेवटचं केलं. त्यांच्या डोळ्यांदेखत बुद्धिबळ उघडलं. तो खेळ असा होता की अर्धा सोडलेला डाव तो तसाच मांडून ठेवायचा, कितीही महिन्यांनी उघडा. मोटर जळाली त्या संध्याकाळचा डाव पडद्यावर आला. हत्ती सातव्या ओळीत. काळा राजा कोपऱ्यात कोंडलेला. डॉक्टरांना सांगितला होता अगदी तोच.

"हा घ्या तुमचा डाव!" ती जवळजवळ ओरडली. "हा मी कुठून आणणार, अप्पा? मला घोडा कसा चालतो ते माहीत नाही. हा तुमचाच आहे. बघा ना!"

अप्पा पुढं वाकले. त्यांनी बोट उचललं, हत्तीजवळ नेलं, पण काचेला लावलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं तिला दिसलं, साफ दिसलं, आणि लगेच ती ओळख विझली. तिथं भीती आली. ते खुर्ची मागं सारून उठले.

"विनिता," ते म्हणाले, "आतापर्यंत डोक्यात होतं. आता पडद्यावरही दिसायला लागलं."

"अप्पा, मलाही दिसतंय! मलाही तेच दिसतंय!"

"तू हो म्हणणारच, पोरी. गोळी कुठाय?"

"नको ती गोळी! अप्पा, ऐका माझं..."

आणि मग तिला रडू फुटलं. सासूबाई गेल्या तेव्हा न आलेलं, त्यानंतर वर्षभर न आलेलं रडू सगळं एकदम आलं. ती स्टुलावर बसून तोंडात पदर कोंबून रडायला लागली, तिला श्वास पुरेना. अप्पा तिच्याकडे बघत राहिले. या मुलीला त्यांनी कधी रडताना पाहिलं नव्हतं, घरात मयत झालं तेव्हासुद्धा. ते जवळ आले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उगी, उगी. मला त्रास होत नाही गं फारसा."

ही रडते म्हणजे दुखणं मोठंच असणार, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी संगणक बंद केला, पाय ओढत कपाटाकडे गेले आणि संध्याकाळची गोळी दुपारीच घेतली.